खडकाला मधोमध टक्कल आणि काठाला काटेरी झालर, हे असं काऊन?

बरडवाली (मनीषनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी. मी झाडांमधली जाणकार वगैरे नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, आता घरी. देवलापारच्या अलीकडे सासरचं साडेचार एकर शेत आहे, त्यातलं पाऊण एकर बरड. पांढुरका-करडा खडक उघडा पडलेला, कुठे कुठे राखेसारखी माती. सासरे त्याला 'टक्कल'च म्हणायचे. "टकलावर गुरं बसली का गं?" असं विचारायचे, नवी सून म्हणून मी आधी घाबरलेच होते.

या टकलाच्या काठाला झुडपांची झालर आहे. बोर, हेकळ, करवंदाच्या दोन-तीन जाळ्या, एका कोपऱ्यात धायटी, आणि अधूनमधून घुसलेली घाणेरी. रुंदी चार-पाच हात, बस्स. त्याच्या मागे सरळ साग, तेंदू, धावडा. माझं लग्न होऊन चौतीस वर्षं झाली, तेव्हापासून झालर आहे तिथेच आहे. आत सरकली नाही.

याचं कधी नवल वाटलं नव्हतं. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये लेकीकडे अमेरिकेत, टेनेसीतल्या नॅशव्हिलला गेले होते. जावई एका रविवारी पन्नासेक किलोमीटरवरच्या सीडार्स ऑफ लेबनन नावाच्या रानात घेऊन गेले. पाच मिनिटं चालले असेन आणि समोर काय, तर आमचं टक्कल! चुनखडीचा सपाट खडक, वर गिट्टीसारखा चुरा, चुऱ्यात नखाएवढी पांढरी-पिवळी फुलं, आणि काठाला झुडपांची तशीच झालर. एकही झाड ओळखीचं नाही, पण बसायची रीत तीच. एका तीन-तीन पानांच्या झुडपाला हात लावायला गेले तर जावई ओरडले, "आई, नका हात लावू, अंगभर खाज सुटेल!" तेव्हा हात मागे घेतला, पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

आता खरी अडचण. पुतण्याला हे पाऊण एकर 'वाया' गेलेलं वाटतं. मागच्या जुलैत त्याने मधोमध चाळीस रोपं लावली. कडुनिंब, करंज आणि हौसेने चार आंबे. ऑगस्टमध्ये खड्ड्यांत पाणी साचून निम्मी सडली, उरलेली संक्रांतीपर्यंत वाळून काड्या झाल्या. यंदा तो जेसीबी लावून दोनशे खोल खड्डे करायचं म्हणतोय. "काकू, खड्डा उथळ होता म्हणून मेली." मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही. झुडपं काठालाच का थांबतात हे कुणी समजावून सांगेल का?

गिट्टीखदानचा म्हातारा

ताई, आधी दगड, मग झाड. आपलं नागपूर दोन-तीन खडकांच्या शिवणीवर बसलंय. पश्चिमेला सेमिनरी हिल्स, गिट्टीखदान हा काळा पाषाण, दख्खनचा. पूर्वेकडे नीस, म्हणजे पट्टेदार खडक. आणि रामटेक-मनसर ओलांडून देवलापारकडे गेलात की सौसर गटाचे, फार जुने, जमिनीखाली दाबून-तापून बदललेले खडक. मनसर-कांद्रीचं मँगनीज त्यातलंच, आणि तुमचा पांढुरका दगडही बहुधा त्यातलाच संगमरवर किंवा डोलोमाइट (चुनखडीचाच मॅग्नेशियमवाला भाऊ).

तपासायचं असेल तर फरशी धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाका. तुम्ही प्रयोगशाळेतल्या, जपून टाकायचं हे तुम्हाला मी काय सांगणार. लगेच खदखदलं तर चुनखडीचा संगमरवर. काहीच झालं नाही तर खिळ्याने ओरखडा काढा, जो भुगा निघेल त्यावर टाका. भुग्यावर सावकाश बुडबुडे आले की डोलोमाइट.

आता मुद्दा. काळा पाषाण झिजला की त्याची काळी माती होते. चुनखडी झिजते म्हणजे पावसाच्या पाण्यात विरघळून निघूनच जाते. मागे उरतो तो फक्त दगडातला मळ, चिमूटभर चिकणमाती. लाखो वर्षं झिजूनही टकलावर माती साठत नाही, ती यामुळे. खडक झिजतो भेगांच्या कडेने, आणि जी काही माती असते ती भेगांत आणि उताराच्या काठाला जाऊन बसते. तुमची झुडपं मातीमागे गेली आहेत.

एक काम करा. जुन्या छत्रीची काडी घ्या. मधून काठापर्यंत दर पाच पावलांवर जमिनीत खुपसा, किती आत जाते ते लिहा. मग बोलू.

(जाता जाता: हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, त्या स्टीफन हिस्लॉप पाद्रींनी आपल्या भागातले खडक आणि जीवाश्म दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी पायी हिंडून नोंदवले. १८६३ मध्ये टाकळघाटकडची शिळावर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात गेले बिचारे. पोरांना कॉलेजचं नाव माहीत, माणूस माहीत नाही.)

काटोलचा संत्रेवाला

काका, इतिहासाचा तास नंतर घ्या नं.

ताई, मी तं साधा संत्र्याचा माणूस. पण चुन्याशी आमचं जुनं वैर हाय. आमच्या एका तुकड्यात मातीत चुनखडीचे खडे, पांढरे, हरभऱ्याएवढे. बापानं १९९८ ले तिथं दीडशे झाडं लावली. पाचव्या वर्षी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. केवडा म्हणतो आम्ही त्याले. शेणखत टाकलं, युरिया टाकला, काही होईना. मग माती तपासली तं मुक्त चुना भरपूर. संत्र्याले तो दहा टक्क्यांच्या आत पाहिजे. जमिनीत लोह हाय, पण चुन्यामुळे ते झाडाले घेता येत नाही. ताट वाढलेलं, हात बांधलेले! जस्ताचंही तसंच.

तवा पुतण्याले सांगा, खड्डा किती खोल यावर सगळं नाही. त्या मातीत कोण जगते हे आधी बघावं लागते. आमच्या त्या तुकड्याच्या धुऱ्यावर बोर मस्त हाय, सीताफळ आपोआप आलं, हिवर आला. ज्याले ते जेवण पचते तो बसला.

हिरवा सैनिक

एवढी चर्चा कशाला? सुबाभूळ लावा, दगडावरही येतं. वर्षभरात हिरवंगार. झाड ते झाड, ऑक्सिजन तर देतंय ना! झुडपं काढून टाका, साप राहतात त्यात.

पानफूल (अमरावती रोड)

सैनिकदादा, सुबाभूळ दगडावर येतं यात वाद नाही, चुनखडीवर तर जास्तच फोफावतं. अडचण तीच आहे. शेंगा फुटल्या की बी पसरतं आणि मग ते कोणाच्या बापाला ऐकत नाही. पाऊण एकराचं साडेचार एकर करेल. साप म्हणाल तर ते उंदरांमागे येतात, बोरीमागे नाही.

बरडवाली ताई, तुमचा प्रश्न वाचून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी वनस्पतिशास्त्र शिकले तेव्हा टेनेसीतल्या या उघड्या खडकांबद्दल वाचलं होतं, बघायला काही मिळालं नाही. तुम्ही बघून आलात!

तिथे सीडार म्हणतात तो आपला देवदार नव्हे, जुनिपर आहे. वसाहत करायला आलेल्या लोकांना तो बायबलमधल्या लेबननच्या सीडारसारखा वाटला, नाव चिकटलं. तिथला खडक साधारण पंचेचाळीस कोटी वर्षं जुना, सपाट थरांचा. उघड्या भागात माती नखभर. तिथे एका वर्षात जन्मून मरणारं गवत आणि फुलं. माती थोडी जाड झाली की बारमाही गवत. त्याहून जाड झाली की झुडपं, आणि मग जुनिपर आणि ओक. म्हणजे जमिनीची खोली झाडांनीच लिहून ठेवली आहे. एल्सी क्वार्टरमन या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या बाईंनी या पट्ट्यांचा अभ्यास केला, १९५० मध्ये त्यावर लिहिलं. १०३ वर्षं जगल्या. टेनेसी कोनफ्लॉवर नावाचं एक जांभळट फूल संपलंच असं लोक धरून बसले होते, ते १९६० च्या दशकात याच खडकांवर पुन्हा सापडलं, त्यातही क्वार्टरमनबाईंचा हात होता. १९७९ मध्ये ते संकटग्रस्तांच्या यादीत गेलं आणि जागा राखल्यामुळे २०११ मध्ये यादीतून बाहेरही आलं. तिथेही लोकांना ही जागा ओसाडच वाटायची. कचरा टाकायचे, गाड्या फिरवायचे.

काठाच्या झुडपांत तिथे सुगंधी सुमाक, ग्लेड प्रिव्हेट, पिवळ्या फुलांचं झुडपी हायपेरिकम अशी मंडळी असतात. तुमच्या जावयांनी अडवलं ते खाजरं पॉयझन आयव्ही होतं की सुमाक, हे फोटोवरून कळेल. दोन्हींना तीन-तीन पानं. मधल्या पानाला लांब देठ असेल तर आयव्ही, मधलं पान देठाशिवाय चिकटलेलं असेल तर सुमाक. सुमाकचं पान चुरगळलं की छान वास येतो (पण खात्री झाल्यावरच चुरगळायचं!).

आता फरक. तिथे खडक हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला ओला असतो, उन्हाळ्यात तापतो. म्हणून तिथली इवली झाडं शरदात रुजतात, तुम्ही बघितलीत तशी एप्रिलमध्ये फुलतात आणि उन्हं चढली की बी टाकून मोकळी. आपल्याकडे सगळा कारभार जून ते सप्टेंबर. पण दुखणं एकच आहे: आधी बुडवायचं, मग भाजायचं. नुसता कोरडा माळ असता तर कोरडं सोसणारं झाड जगलं असतं. इथे दोन्ही सोसावं लागतं. तुमच्या चाळीस रोपांची गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे, ऑगस्टात सडली आणि पौषात वाळली. अखंड खडकात केलेला खड्डा म्हणजे घमेलं. खोल खड्डा म्हणजे मोठं घमेलं.

एक विचारू? पावसात तिथे खडकावर काळपट-हिरवं, जेलीसारखं काही दिसतं का?

बरडवाली

उशीर झाला उत्तराला, शेतावर जाऊन आले. पुतण्यालाही सोबत नेलं, छत्री त्याच्याच बायकोची मोडली.

आधी थेंब. दगडावर टाकला तर ढिम्म. खिळ्याने खरवडलं, भुग्यावर टाकला, कान जवळ नेला तर बारीक सुरसुर. काका, डोलोमाइट. चाळीस नळ्या पोरांना हातात दिल्या असतील या प्रयोगाच्या, स्वतःच्या जमिनीवर कधी केला नव्हता.

आता काडी. मधोमध एक पेर. पाच पावलांवर दोन बोटं. पुढे पुन्हा एक पेर, एके ठिकाणी तर टोक वाकलं. झालर सुरू व्हायच्या अलीकडे चार बोटं, तिथे कुसळीचे झुबके आहेत, साडीला लागलेली कुसळं आत्ता काढत बसलेय. आणि पहिल्या बोरीच्या बुडाशी काडी अख्खी गेली. सव्वा हात. पुतण्याने पुन्हा पुन्हा खुपसून बघितली, त्याला वाटलं उंदराचं बीळ लागलं.

पण सांगायची गोष्ट वेगळीच. टकलाच्या आत, काठापासून बरंच दूर, तीन हेकळी एका ओळीत उभ्या आहेत. मी त्या चौतीस वर्षं बघतेय आणि ओळीत आहेत हे मला परवा दिसलं. त्यांच्या मधल्या जागेत काडी घातली. वरून नुसता दगड वाटतो, पण दोन बोटं रुंद भेग आहे, पालापाचोळ्याने बुजलेली. काडी मुठीपर्यंत आत. माती बाहेर काढली तर काळी, ओलसर, मे महिन्यात! पुतण्या काही बोलला नाही. मोबाईलचा उजेड पाडून बराच वेळ त्या भेगेत बघत बसला.

पानफूल, हो, ती जेली दिसते. पावसाळ्यात पाय घसरतो तिच्यावरून. आत्ता वाळून काळ्या पापडासारखी झालीय, बोटाने उचलली तर कागदासारखी मोडते. तिथे अमेरिकेतही अशी पापडी बघितल्याचं आठवतंय. हे काय प्रकरण?

आणि सुमाकच! लेकीला व्हिडिओ कॉल करून जुना फोटो मोठा करून बघितला. मधल्या पानाला देठ नाही. जावयांना कळवलंय. ते म्हणाले, "तरी आई, खबरदारी बरी." जावई कधी चुकत नसतो.

पानफूल

ती नॉस्टॉक. शेवाळ म्हणतात पण ती नील-हरित जिवाणूंची वसाहत आहे. वाळून मेल्यासारखी पडते, पाणी लागलं की काही वेळात फुगून कामाला लागते. हवेतला नायट्रोजन बांधून खडकाला देते. टेनेसीच्या खडकांवरही तीच. म्हणजे तुमच्या टकलावर शेती चालूच आहे, शेतकरी बारीक आहे एवढंच.

झालर पुढे का सरकत नाही, याबद्दल थोडं. ती अगदी गोठलेली नसते. बुलबुल बोरीवर, करवंदीवर बसतात, खाली बिया टाकतात, झुडपाखाली सावली आणि पाचोळा असतो म्हणून तिथेच नवं रोप येतं, शिवाय काट्यांमुळे शेळीचं तोंड पोचत नाही. म्हणून झालर दाट होत जाते. आत बी पडतं, रुजतंही, पण भेग मिळाली नाही तर पहिल्याच उन्हाळ्यात जातं. अमेरिकेत मिसूरीकडच्या डोलोमाइटच्या अशाच जागांवर पूर्वी अधूनमधून वणवे लागायचे, ते थांबवल्यावर जुनिपर आत घुसला आणि उघड्यावरची फुलं झाकली गेली. आता तिथे तो मुद्दाम तोडतात, ठरवून आग लावतात. (तुम्ही नका लावू! शेजारी साग आहे, पेंचचं वाघांचं जंगल जवळ आहे.)

तुमच्याकडे ते काम घाणेरी करेल. तीही मूळची तिकडचीच, अमेरिका खंडातली, इंग्रजांनी बागेसाठी आणली. बोर, हेकळ राहू द्या, घाणेरी तेवढी काढा. नुसती कापली तर दुप्पट फुटते. जमिनीलगतच्या गड्ड्याखाली घाव घालून उपटायची आणि उलटी करून वाळवायची, फळं धरायच्या आत.

गिट्टीखदानचा म्हातारा

ओळीतल्या तीन हेकळी! वा. ताई, ती भेग कोणत्या दिशेने जाते ते होकायंत्राने मोजून ठेवा. तशाच दिशेच्या आणखी भेगा समांतर सापडतील, वरून दिसत नसल्या तरी. पुतण्याला लावायचंच असेल तर तिथे हाताने चार बिया टाकू द्या. जेसीबी नको. भेग फोडली की पाणी कुठून कुठे जाईल याचा भरवसा नाही, तुमच्या खालच्या विहिरीला कदाचित तिथूनच पाणी जात असेल.

आणि त्या सागाकडे बघा. सागाला कॅल्शियम भरपूर लागतं, म्हणून तो तुमच्या झालरीच्या मागे खुशाल उभा आहे. फक्त पाय पसरायला माती हवी.

सातबारावाला

झाडांतलं कळत नाही, कागदातलं कळतं. ताई, ते पाऊण एकर तुमच्या सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला अयोग्य भाग) आहे, की शेजारच्या सरकारी गटात 'झुडपी जंगल' अशी नोंद आहे, हे आधी बघा. बांध आणि नकाशा जुळतोच असं नाही. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत अशी नोंद असलेली ८६ हजार हेक्टरांच्या घरात जमीन आहे. वर्षानुवर्षं लोक म्हणायचे, नावालाच जंगल, आहे तर नुसती झुडपं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन आपल्याच १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाप्रमाणे वनच धरायची असं सांगितलं. तुमची खाजगी असेल तर प्रश्न नाही. पण जेसीबी चुकून बांधापलीकडे गेला तर काकूला नव्हे, पुतण्याला चकरा माराव्या लागतील.

हिरवा सैनिक

सुबाभळीचं मागे घेतो. पण मग दोनशे रोपं आणली असतील तर त्यांचं काय?

बरडवाली

आणली नव्हती हो, सांगून ठेवली होती. साठच घेतोय. झालरीच्या मागे, जिथे काडी पूर्ण जाते तिथेच. आवळा, सीताफळ, बाकी त्याने ठरवावं. जेसीबीवाल्याला दिलेले दोन हजार परत मिळाले नाहीत, तो रोज मला ते ऐकवतो. सातबारा बघितला, पोटखराबाच आहे, आमचाच. मधल्या टकलाला कुणी हात लावायचा नाही असं जेवताना ठरलं, म्हणजे मी ठरवलं.

एक राहिलं. मी हेकळ हेकळ म्हणतेय, पण शेतावरचा माणूस त्याला भराटी म्हणतो आणि जाऊबाई म्हणतात भेकळ. तिची लाल फळं त्यांनी लहानपणी खाल्ली आहेत. मला तर त्यावर कधी खाण्याजोगं फळ दिसलं नाही. नक्की काय आहे?

पानफूल

हेकळ आणि भराटी एकच. भेकळ वेगळी, जाऊबाईंनी खाल्ली ती ती, पिकली की लालसर-जांभळी आणि आंबटगोड. हेकळीला तसं फळ नाही, छोटं बोंड येतं आणि तडकतं. फळ नसेल तेव्हा काटा बघा. हेकळीचा काटा म्हणजे आखूड फांदीच असते, टोकदार झालेली, त्यामुळे काट्यावरच पानं फुटलेली दिसतात, कधी फुलंही.

बरडवाली

काट्यावर पानं आहेत. आत्ताच पुतण्याने फोटो पाठवला. मी मागितला नव्हता.